कानशिलावरचं मशीन

१४ नोव्हेंबर, सांगली

रेश्माने ही डायरी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, मामा, मनात येईल ते ह्यात लिहा, पण डॉक्टरांशी भांडू नका. सून असून तोंडावर बोलते. पण तिचं चुकलं असंही नाही. सकाळपासून माझी दोघांशी वाजली आहे, एक वॉचमन आणि एक औषधाच्या दुकानातला.

तर लिहितो. रविवारी विट्याला गच्चीवर कपडे वाळत घालताना संयोगिता एकदम डोकं धरून खाली बसली. डोकं फुटलं वो, एवढंच म्हणाली आणि ओकायला लागली. माझी बायको डोकं दुखतंय म्हणून कधी कामावरून उठलेली मी पाहिली नाही. विट्याच्या डॉक्टरने हात लावला नाही, सांगलीला पळवा म्हणाला. इथे फोटो काढले तेव्हा कळलं, मेंदूतल्या एका शिरेला फुगा आला होता, तो फुटला. दुसऱ्या दिवशी जांघेतून तार घालून डोक्यापर्यंत नेली आणि त्या फुग्यात बारीक तारेचं वेटोळं बसवून तो बंद केला. आमचा मुलगा जयराज तिकडे तमिळनाडूत सेलमला असतो, तो विमानाने आला, आईला शुद्धीवर आलेली बघून परत गेला. दुकान उघडायला दुसरं कोण आहे तिथे?

आता माझा प्रश्न साधा आहे. फुगा बंद झाला, बाई बोलते, ओळखते, चमच्याने खाते. मग आणखी दोन आठवडे अतिदक्षता विभागात कशाला? डॉक्टर चारुलता म्हणून आहेत, रेश्माहून दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. त्या म्हणाल्या, खरी भीती आता आहे. मेंदूभोवती सांडलेलं रक्त शिरांना लागतं, आणि मग त्या शिरा आवळतात. जास्त आवळल्या तर तेवढा मेंदू उपाशी मरतो, वाचा जाते, हात जातो, माणूसही जातो.

मला हे काही पटलेलं नाही.

१५ नोव्हेंबर

आज डोक्याची सोनोग्राफी केली. मी आजवर सोनोग्राफी पोटाचीच ऐकली होती. बाहेरच्या पाटीवरसुद्धा गर्भलिंगनिदान केले जात नाही असंच लिहिलंय. डॉक्टरीणबाईंनी संयोगिताच्या कानशिलावर गार चिकट काहीतरी लावलं, पेनासारखी एक दांडी टेकवली आणि इकडे तिकडे सरकवत बसल्या. बराच वेळ नुसती खरखर. मग एकदम आवाज आला, हुश्श, हुश्श, हुश्श. तिच्या डोक्यातलं रक्त वाहतंय त्याचा आवाज म्हणे. कानशिलाचं हाड पातळ असतं, तिथूनच आत ऐकू येतं.

खोटं कशाला लिहू, माझ्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिच्या डोक्यात काय चाललंय ते ऐकलं नव्हतं. तसं तिला म्हणालोही. ती हसली. म्हणाली, "बरं झालं न्हाई ऐकलं."

पण मशीनवर आकडा आला तेव्हा मी सावध झालो. रक्ताचा वेग. डावीकडे एकशे दहा, उजवीकडे नव्वद. दांडी जरा वाकडी धरली की आकडा बदलतो हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आमचा धंदा गलाईचा. सोनं वितळवून, शुद्ध करून देणं. सख्ख्या भावाची अंगठी असली तरी मुशीत घातल्याशिवाय मी तिला बावीस कॅरेट म्हणत नाही. आणि इथे धरणाऱ्याच्या हातावर आकडा ठरतो, त्यावर म्हणे इलाज ठरवायचा.

१६ नोव्हेंबर

आज फारच झालं. संयोगिताचं बीपी एकशे पासष्ट. सिस्टरला म्हणालो, बघा की जरा. ती म्हणाली, असू दे काका, मॅडमनी मुद्दाम चढतं ठेवलंय. मुद्दाम! मी डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, फुगा बंद आहे, आता तो फुटायचा नाही. शिरा आवळल्या तर पलीकडे रक्त पोचायला दाब लागतो, म्हणून तिची घरची बीपीची गोळी आम्ही बंद केली आहे.

रेश्मा मान डोलावत होती. बी.एस्सी. झाली की माणूस कशालाही मान डोलावतो.

मी अडाणी माणूस, पण मला एवढं कळतं की दाबानेच शीर फुटली. त्याच दाबाला ह्या म्हणतात असू दे. संयोगिताला त्या गोळीचा कायमचा राग. पाय सुजतात म्हणते, आणि गपचूप बेसिनमध्ये टाकते. म्हणून गेली कित्येक वर्षं सकाळी मीच ती गोळी चुरून केळ्यात कालवून तिला देतो, तिला पत्ता नाही. सेलमला असलो की मग रेश्मा द्यायची. इथे सकाळचं भरवायला मलाच आत सोडतात. गोळ्यांचं पाकीट माझ्या खिशात आहेच. जास्त बोलून उपयोग नाही. आपलं माणूस आपणच सांभाळायचं.

१७ नोव्हेंबर

मेहुणा आला. धैर्यशील, संयोगिताचा थोरला भाऊ, शिराळ्याचा. ऊसतोड चालू असताना हा माणूस शेत सोडून रोज येतोय, हेच मला खटकतं. सोबत थर्मास. त्यात काय म्हणून विचारलं तर म्हणतो, तांदळाची पेज हाय दाजी, तिच्या वहिनीनं दिलीया. कपाळाला अंबाबाईचा अंगाराही लावला.

संयोगिताने ह्याला हक्कसोडपत्र करून दिलं तेव्हा मी सेलमला होतो. मला न विचारता, वडिलांच्या जमिनीवर सही करून मोकळी झाली. विचारलं तर म्हणाली, दादानं मला शाळा शिकवली, मला आणि काय पायजे. ते मी विसरलो असेन असं त्याला वाटत असेल. मी विसरलेलो नाही. ज्याने फुकट घेतलंय तो बहिणीकडे एवढा का घुटमळतो?

तिच्या हातात हात घालून बसला होता. मला बघून उठला.

१९ नोव्हेंबर

आज मी हट्टाने दोनदा मोजायला लावलं. आधी त्यांच्या हाताखालच्या मुलीने, मग डॉक्टरीणबाईंनी स्वतः. मुलीचा डावीकडचा आकडा एकशे अडतीस, बाईंचा एकशे एकोणपन्नास. मी म्हणालो, बघा, फरक आला की नाही? त्या शांतपणे म्हणाल्या, दोघींचाही कालच्यापेक्षा वाढलाय ना, मी तेवढंच बघते.



२० नोव्हेंबर

चांगली बातमी. बीपी एकशे तीसवर आलं. केळ्याचा गुण. आणि डोक्यातला वेग एकशे ऐंशी. मी समजलो, रस्ता मोकळा झाला, रक्त सुसाट धावतंय. रेश्माला म्हणालो, पेढे आण. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला राग आला.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा मात्र पडला होता. सलाइन वाढवलं, दाब चढवायचं औषध लावलं. दुपारी पुन्हा एकशे साठच्या वर. हे लोक चढवणार आणि मी उतरवणार, अशी ही कुस्ती आहे. उद्यापासून मीही दोन गोळ्या करणार.

संयोगिता आज जरा सुस्त होती. तीन वेळा नाव घेतलं तेव्हा डोळे उघडले. झोप येते म्हणाली.

२१ नोव्हेंबर

पकडला. मी दुपारी अचानक आत गेलो तर धैर्यशील तिच्या ओठांना चमचा लावत होता. थर्मासमधलं ते पांढरं पाणी. माझं डोकंच सणकलं. शिराळ्याला कोण वैदू, कोण झाडपाला देणारा ह्याच्या ओळखीचा असेल कुणास ठाऊक. परवापर्यंत हसणारी-बोलणारी बाई आज मलूल का, हे मला तिथेच उमगलं.

मी सरळ खाली ऑफिसात गेलो आणि सांगितलं, हा माणूस पेशंटला बाहेरचं औषध देतो, ह्याचा पास काढून घ्या. त्यांनी घेतला. मला वाटलं धैर्यशील अंगावर येईल. पण तो थर्मास काखेत मारून जिन्याने उतरला. जाताना रेश्माला एवढंच म्हणाला, "पोरी, तिला पेज आवडतीया. तू करून दे."

रेश्मा दिवसभर माझ्याशी बोललेली नाही. म्हणे डॉक्टरांना विचारूनच ते पेज देत होते. त्या एवढ्याशा पोरीला काय कळतं माणसांचं.

२२ नोव्हेंबर, सकाळ

आजही दोन गोळ्या दिल्या. गिळायला त्रास झाला तिला, अर्धं केळं गालातच राहिलं. मी बोटाने काढलं.

दुपार

हात चालत नाही. उजवा. मी म्हणालो, पाणी घे, तर तिने ग्लासकडे बघितलं आणि हात उचललाच नाही. मग म्हणाली, "ते... ते खिडकी द्या." ग्लासला खिडकी म्हणाली. मी दोनदा विचारलं, खिडकी उघडू का? तर रडायला लागली. तिला कळत होतं शब्द चुकलाय ते. मी वऱ्हांड्यात येऊन भिंतीला टेकलो. माझी बायको विट्याच्या बाजारात भल्याभल्यांना बोलण्यात हार जाणारी नाही, आणि तिला ग्लास म्हणता येईना.

मशीन लावलं. तोच आवाज, पण आता बारीक आणि चिरका, शिट्टीसारखा. डावीकडे दोनशे चाळीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दाब टिकतच नाहीये, एवढं औषध चाललंय आणि सकाळी पुन्हा एकशे दहा, मला काही कळत नाही. कुणी काही बाहेरचं दिलं का तिला? मी ठामपणे म्हणालो, तिचा भाऊ देत होता, मीच बंद केलं. त्या म्हणाल्या, ती पेज मीच बघितली होती, ती नव्हे.

मग राहिलं कोण? सिस्टर? रात्रपाळीचा तो सावळा मुलगा? त्या औषधाच्या दुकानातल्याने कालबाह्य माल दिला असेल का? एकेकाला तपासलं पाहिजे.

२३ नोव्हेंबर

सकाळी बोलावलं होतं, सहीसाठी. पुन्हा जांघेतून तार घालायची आणि आवळलेल्या शिरेतच औषध सोडायचं. धोका आहे म्हणाल्या. मी पेन हातात घेऊन बसलो आणि नेहमीसारखा अडलो. म्हणालो, मॅडम, आधी मला एक सांगा. वेग वाढलाय, म्हणजे रक्त जोरात चाललंय, मग ते कमी कसं पडतंय?

त्या दमलेल्या दिसत होत्या, पण त्यांनी खुर्ची ओढली. म्हणाल्या, काका, तुमचं काम कशाचं? मी म्हणालो, गलाई. त्या म्हणाल्या, मग तुम्ही ज्योत फुंकता ना, नळीचं तोंड बारीक असलं की वारा कसा येतो? मी म्हणालो, बारीक तोंडातून जोरात येतो. आणि किती येतो? म्हणालो, थोडा. त्या म्हणाल्या, तसंच हे. शीर आवळली म्हणून वेग वाढलाय. वेग जास्त, रक्त थोडं. अशा वेळी मागून दाब लागतो, आणि तोच ह्यांचा टिकत नाही.

आता गॅसची शेगडी आली, पण मी शिकाऊ होतो तेव्हा आमच्या उस्तादाकडे भाता होता. नळी बारीक लावायची तर भाता ओढणाऱ्याने दम लावून ओढायचा, नाहीतर मुशीपर्यंत वाराच जात नाही, सोनं वितळायचं राहतं. मीच ओढायचो तो भाता. ढिला पडलो की उस्ताद पाठीत धपाटा घालायचा.

मग मी काय करत होतो? इथे ही बाई भाता ओढत होती आणि मी तिचे हात धरत होतो.

सही केली ती वेडीवाकडी आली. मनात एकदा आलं, गप्प बसावं, पाकीट गटारात टाकावं, कुणाला कळणार आहे? रेश्मा शेजारीच उभी होती. मी म्हणालो,

"मॅडम, बीपीची गोळी मी देतोय तिला. केळ्यातनं."

"कधीपासून?"

"तुमी घरची गोळी बंद केली म्हणाला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं. परवापासनं दोन. आज सकाळी बी दोन."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हात पुढे केला आणि म्हणाल्या, "पाकीट द्या." नाव वाचलं, फोन उचलला आणि भराभर इंग्रजीत बोलत आत गेल्या. रेश्माने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीकडे तोंड करून रडत राहिली.

आपलं माणूस आपणच सांभाळायचं, असं मी मागे लिहिलंय. वाचलं आत्ता.

२४ नोव्हेंबर

शिरेत औषध सोडलं. दाब धरून आहे. मला आत सोडत नाहीत, आणि मी सोडा म्हणून कुणाला म्हणालो नाही.

२७ नोव्हेंबर

डोक्यातला वेग एकशे साठ. काल एकशे नव्वद होता. मी दारातूनच आवाज ऐकला. शिट्टी गेली आहे.

नवीन फोटोत डावीकडे एक छोटा डाग दिसतोय, तेवढा मेंदू गेला. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, माझ्यामुळे? त्या म्हणाल्या, शीर आधीच आवळायला लागली होती, तुम्ही काही दिलं नसतं तरी हे झालं नसतं असं मी सांगू शकत नाही. पण तुम्ही तिला मदत केली नाहीत, एवढं खरं.

खरं बोलणाऱ्या माणसावर मी दोन आठवडे संशय घेतला.

३० नोव्हेंबर

शिराळ्याला जाऊन आलो. संयोगिताने शुद्ध चांगली आल्यावर पहिला प्रश्न केला तो दादा कुठं हाय. शब्द तुटक, पण अर्थ बरोबर. रेश्माने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, मामांना विचारा. मी म्हणालो, आणतो.

धैर्यशील शेतात ट्रॉली भरून घेत होता. मला बघून त्याचा चेहराच उतरला. त्याला वाटलं, मी वाईट बातमी घेऊन आलोय. ती बरी आहे म्हटल्यावर तिथेच सरीत बसला आणि डोळे पुसले. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, केळं, गोळ्या, ऑफिसातली तक्रार. हक्कसोडीचा राग मनात धरून होतो, तेही सांगितलं. मला वाटलं होतं, हा कानाखाली वाजवेल. वाजवायलाच पाहिजे होती.

तो म्हणाला, "दाजी, माझं ऱ्हाऊ द्या. तिला सांगितलं का तुमी?"

मी म्हणालो, नाही.

"मग मला कशाला सांगतायसा," म्हणाला आणि हातपाय धुवून कपडे बदलायला घरात गेला. येताना गाडीत थर्मास मांडीवर घेऊन बसला होता.

३ डिसेंबर

आज तिला साध्या खोलीत आणलं. खिडकीतून ऊन येत होतं. धैर्यशील खाली चहाला गेला, रेश्मा डबा उघडत होती. मी म्हणालो, संयोगिता, एक सांगायचंय.

सांगितलं. घरच्या केळ्यापासून सांगितलं, इथल्यापर्यंत. डॉक्टर नको म्हणत असताना दिल्या हेही सांगितलं. तुझा हात माझ्यामुळे गेला असेल, डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही, म्हणालो. मी कधी तिच्यापुढे रडलो नव्हतो, आज रडलो. ती ऐकत होती. डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवत होती, तो सारखा घसरत होता.

मला वाटलं, थकली असेल किंवा सगळं समजलं नसेल. रेश्माने ताटलीत वरणभात कालवला. रोज तीच भरवते, पण आज मी म्हणालो, दे, मी देतो. रेश्माने जरा थांबून ताटली दिली.

मी चमचा तोंडापाशी नेला. संयोगिताने तोंड उघडलं नाही. चमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. शब्द शोधायला तिला वेळ लागतो अजून.

"काय... हाय... ह्यात?"

मी म्हणालो, "वरणभात हाय गं. दुसरं काय न्हाई."

तिने मान वळवली आणि रेश्माकडे बघितलं. रेश्माने हो म्हणून मान हलवली. मग तिने तोंड उघडलं.